काहिलीतलं बाळंतपण

शहादेवाने तव्यावरची भाकरी उलटली आणि ती मधोमध फाटली. रोजच फाटत असे. बायको केशरबाई वारल्याला बरीच वर्षं झाली होती, पण भाकरीला अजून त्याचा हात मान्य नव्हता. "आज तरी नीट ऱ्हायाचं व्हतं," तो भाकरीला म्हणाला. त्या घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"फाटली का?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"फाटली."

"ऊन पानी घालून मळा की पीठ."

"बरं."

संपलं. युसूफ वडगाव या गावातल्या या दोन घरांमधलं दिवसाचं बोलणं एवढंच. भिंत एक, अलीकडे शहादेव, पलीकडे मुक्ताबाई. तिचाही नवरा कधीचाच गेला होता, एकुलती लेक घाटनांदूरला दिली होती. दोघांच्या जातीत विधवेचा पाट लावायची चाल होती, कुळं वेगळी होती, गावाची ना नव्हती. शहादेवाचा चुलतभाऊ तात्याबा तर उघडच म्हणायचा, "इचारून टाक बे एकदा. ती काय खाती का तुला?" पण शहादेव बैलाशी, बाभळीशी, भाकरीशी वाटेल तेवढा बोलेल; मुक्ताबाई समोर आली की जिभेला टाळं. पन्नाशीला टेकलेला हा गडी रोज विचारायचं ठरवायचा आणि रोज "बरं" म्हणून गप्प बसायचा. घर मात्र संध्याकाळी खायला उठे.

त्या घरात त्याने जुन्या वस्तूंचा बाजार मांडला होता. किल्ली हरवलेलं कुलूप, एका बाजूने चेपलेलं घंगाळ, कुण्या मेलेल्या रोहिल्याचा हुक्का, असलं काहीबाही तो बाजारातून उचलून आणी. तात्याबा त्याला भंगार म्हणायचा. "जुन्या चीजेला मानसाचा हात लागल्याला आसतो," शहादेव सांगायचा, "घरात कुनीतरी हाय आसं वाटतं." यावर तात्याबासुद्धा हसत नसे.

एकदा केजचा बाजार करून सगळी गाडीने परतत होती. शहादेव गाडी हाकत होता. मागे बायकांच्यात मुक्ताबाई सांगत होती, "त्या देशपांड्याच्या ओसरीवर झोपाळा हाय बगा पितळी कड्यांचा. लई बरा. शेजारी बसून बोलावं, एकमेकाच्या तोंडाकडं बगाया लागत न्हाई." शहादेवाने ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तोंडाकडं बघायचं नाही! मग काय, विचारता येईल की! झोपाळा पाहिजे, आणि तोही तिला आवडेल असा, जुना, पितळी कड्यांचा. त्या दिवसापासून त्याने आसपासचे सगळे बाजार पालथे घातले. कड्या मिळाल्या नाहीत. मिळाली ती आणखी दोन कुलपं.

अशात गावातला म्हाळू द्वारकेची यात्रा काढायच्या गडबडीला लागला. म्हाळूला दोन गोष्टींची हौस, चार लोक जमवायचे आणि त्यांना बोलू द्यायचं नाही. बार्शीपर्यंत बैलगाडी, तिथून छोटी आगगाडी, मग मोठी आगगाडी, आणि मुंबईहून चक्क आगबोट. निजामाच्या मुलखात सगळं होतं, समुद्र तेवढा नव्हता. काठेवाडात जुन्या पितळेच्या वस्तू गल्लोगल्ली मिळतात, असं कुणीतरी म्हणालं आणि शहादेवाने नाव दिलं.

निघायच्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, "समिंदर लई मोठा आसतो म्हनत्यात. संभाळून ऱ्हावा."

रोजच्यापेक्षा हे एक वाक्य जास्त होतं. ते तो बार्शीपर्यंत मनातल्या मनात घोळवत बसला.

आगबोटीवर म्हाळूने बादलीने वर ओढलेलं समुद्राचं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकला. "आक्षी खारट! एवढं पानी आन् बैल पाजायच्या कामाचं न्हाई! कुनी केली ही नासाडी?" बाकीचे वडगावकर आडवे होऊन ओकत पडले होते. शहादेव कठड्याला धरून उभा राहिला. चहूकडे पाणी आणि मध्ये आपण. त्याला ते फार ओळखीचं वाटलं. घरीही असंच तर असतं, तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक.

पोरबंदरला बोट दूर पाण्यातच थांबायची. उतारूंना मचव्यातून किनाऱ्यावर नेत, देवदर्शन करायला अर्धा दिवस देत आणि परत आणत. वडगावकरांनी सुदाम्याचं देऊळ पाहिलं, बाजार पाहिला, एका उंटाभोवती तीन वेळा फिरून पाहिलं आणि सगळे किनाऱ्यावर परत आले. मचवा लागलेला होता, पण भरायचा होता. शहादेवाने येताना एका बोळाच्या तोंडाशी जुन्या भांड्यांचं दुकान हेरून ठेवलं होतं. त्याने डोईचा पटका सोडला आणि मचव्यातल्या फळीवर पसरला. जागा धरली. वडगावात बाजारच्या गाडीत जागा अशीच धरत. पटका टाकला की ती जागा बापाची झाली, परमुलखातला माणूसही तिथं बसत नसे. मग तो कुणाला काही न सांगता बोळाकडे पळाला.

दुकानातला म्हातारा शेठ बोडक्या डोक्याच्या गिऱ्हाइकाकडे बघून हळहळला. "घर में कोई गुजर गया क्या, भाई?"

"न्हाई न्हाई. जागा धरने के वास्ते रखा है. झोपाळे के कड्या हय क्या?"

शेठने बोट वर केलं. आढ्याला चार पितळी साखळ्या लोंबत होत्या. कडीकडीवर मोर, हत्ती, मध्ये घागर घेतलेली बाई. शहादेवाने हात उंचावून एका मोरावरून बोट फिरवलं. भाव विचारला तर शेठ म्हणाला, "पहले बैठो." साखळ्यांना फळी लावलेलीच होती. शेठचीही घरची सगळी माणसं गेलेली, दिवसभर दुकानात चिटपाखरू फिरकत नव्हतं; गिऱ्हाईक आलं की त्याला झोपाळ्यावर बसवल्याशिवाय तो सोडत नसे. दोघं शेजारी शेजारी बसले. शेठ गुजरातीत बोलत राहिला, शहादेव मराठीत. एकमेकांचं फारसं कळत नव्हतं, पण तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. शहादेवाने या परक्या म्हाताऱ्याला मुक्ताबाईविषयी सगळं सांगून टाकलं, जे आजवर बैलालाही सांगितलं नव्हतं. उपाय लागू पडतो तर! तो हरखून गेला.

इकडे मचवा सुटला होता. अर्ध्या पाण्यात एक मोठी लाट आली, मचवा कलंडल्यासारखा झाला, बायका ओरडल्या. मचवा सावरला तेव्हा म्हाळूचं लक्ष समोरच्या फळीकडे गेलं. पटका होता. पटक्याखाली माणूस नव्हता.

"शहादेव पडला!" म्हाळू किंचाळला. "आरं पटका हितं हाय आन् मानूस न्हाई!"

मचवा हाकणारा तांडेल म्हणाला, असा कुणी गडी बसलाच नव्हता. म्हाळू त्याच्या अंगावर धावून गेला. "तर मग पटका काय चालत आला का? पटका हाय म्हंजे मानूस हुताच!" वडगावकरांनी माना डोलावल्या. पाण्यात बराच वेळ शोध झाला, नारळ वाहिला, आणि रडून रडून सगळे पुढे द्वारकेला गेले.

शहादेव खांद्यावर साखळ्या टाकून किनाऱ्यावर आला, तेव्हा बोटीचा नुसता धूर दिसत होता. त्याला फार वाईट वाटलं नाही. आज ना उद्या दुसरी बोट येईल. ती आली, त्याने एकट्याने द्वारका केली, मुंबईला परतल्यावर हिवतापाने धरलं आणि धर्मशाळेत कोपऱ्यात पडून राहिला. शेजारचा यात्रेकरू म्हणाला, घरी चार ओळी लिहून कळव. शहादेवाने विचार केला. त्याच्या घरी पत्र वाचायला कोण होतं? कुलपं. आणि मुक्ताबाईच्या नावे पत्र धाडलं तर आधी गाव वाचणार. तो साखळ्या उशाला घेऊन कुशीवर वळला.

गावाच्या वेशीत तो शिरला तेव्हा दुपार होती. मारुतीच्या पारावर माणसं जमली होती आणि मध्ये म्हाळू, शहादेवाकडे पाठ करून, हातवारे करत होता.

"...ही एवढी लाट! मी झेप टाकली. हात धरला त्याचा. म्हनला, म्हाळूदादा, सोडू नकू. सोडतो का मी? पर समिंदरापुडं कुनाचं चालतं? हात निसटला बगा!"

शहादेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कोन बुडालं बे?"

"आपला शहादेव," म्हाळू मागे न बघता म्हणाला.

"आरारा," शहादेव म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "मी?"

म्हाळू वळला आणि चार लोक जमलेले असताना पहिल्यांदाच त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. पारावरच्या माणसांनी आधी शहादेवाच्या पायांकडे पाहिलं. ते उलटे नव्हते. पण खांद्यावर साखळ्या खळखळत होत्या आणि डोकं बोडकं होतं, तेव्हा कुणी जवळही आलं नाही.

तात्याबा धावत आला. त्याला बघून शहादेवच दचकला. "तात्या, तुजी मिशी?"

"तुज्यापायी काढली, भाड्या!" तात्याबाने हंबरडा फोडला. "पळसाच्या पानांचा पुतळा केला, तुजाच पटका बांधला त्याला, आग्नी दिला मी! दहावा केला, तेरावा केला, लई रडलो! आन् तू जित्ता?"

"मला काय ठावं?"

"काय ठावं म्हंजे? कावळा शिवला तुज्या पिंडाला! ठिवल्याबरुबर झाप घातली!"

पारावर कुजबुज झाली. हा मुद्दा मोठा होता. कुणी म्हणालं, म्हाळू खोटं बोलेल, समुद्र खोटं बोलेल, कावळा कशाला बोलेल? त्याला काय मिळायचंय?

शहादेवाला मात्र भलताच घाव बसला. मेल्या माणसाची इच्छा राहिलेली असली तर कावळा शिवत नाही, नातेवाईकांना हात जोडून वचनं द्यावी लागतात, हे त्याला ठाऊक होतं. "ठिवल्याबरुबर?" त्याने विचारलं. "कुनाला कायबी म्हनावं लागलं न्हाई?"

"येक सबूद न्हाई."

"म्हंजे माजी काय विच्छाच न्हवती का?" तो म्हणाला. त्याने खांद्यावरच्या साखळ्या खाली टाकल्या.

त्रिंबकभट जोशांना बोलावणं गेलं. ते पोथी घेऊनच आले. त्यांनी शहादेवाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला. "हा जिवंत आहे यात शंका नाही. पण शहादेव मेला यातही शंका नाही, क्रिया मीच सांगितली आहे. तेव्हा हा जो समोर उभा आहे, तो अजून जन्मायचा आहे."

"मग आता?"

"आता जन्मायचं. पोथीत सांगितलंय. तुपाच्या कुंडात बसवायचं, बाहेर काढून न्हाऊ घालायचं, जातकर्म, बारसं, सगळं पुन्हा. पुढं मुंज असेल त्याची मुंज, आणि लग्नसुद्धा. तोवर याला पाणी नाही, विस्तव नाही, घरात पाऊल नाही."

मुहूर्त निघेपर्यंत शहादेव आपल्याच मळ्यात बाभळीखाली राहिला. वाटेने जाणारी माणसं त्याच्याकडे बघायची आणि न बघितल्यासारखं करून जायची. न जन्मलेल्या माणसाला राम राम घालायचा कसा? समुद्रावर होतं त्याहून हे एकटेपण मोठं होतं. तिथं निदान कुणी ओळखीचं नव्हतं. दुपारी बांधावर मात्र फडक्यात बांधलेली भाकरी असायची. अख्खी, गोल, कुठंही न फाटलेली. ती कुणाची हे विचारायची त्याला गरज नव्हती. बारसं झालं की झोपाळा टांगायचा आणि पहिल्याच संध्याकाळी विचारायचं, हे त्याने बाभळीला सांगून टाकलं. लग्न तर पोथीतच निघालं होतं. देव दिल्याशिवाय राहत नाही!

तुपाचं कुंड कुठून आणायचं, हा पहिला प्रश्न. गावातल्या कुठल्याही भांड्यात शहादेव मावत नव्हता. शेवटी गुऱ्हाळातली काहील आठवली, ज्यात उसाचा रस कढवून गूळ करतात. ती गाडीवर घालून तात्याबाच्या अंगणात आणली. दुसरा प्रश्न तुपाचा. घरटी पळी-पळी गोळा केलं, तरी काहिलीचं बूड जेमतेम झाकलं. "पोथीत तूप लिहिलंय," त्रिंबकभट म्हणाले, "किती ते लिहिलेलं नाही." मग शहादेवाला लंगोटीवर काहिलीत बसवला आणि तात्याबा पळीने त्याच्या डोक्यावरून तूप सोडू लागला. पौषाची थंडी होती. तूप अंगावर थिजू लागलं. भुवया पांढऱ्या झाल्या, कान बंद झाले, गावातली यच्चयावत कुत्री अंगणाच्या दाराशी येऊन बसली.

"हं," भटजी म्हणाले, "आता आईनं पुढं यावं."

"कुनाच्या आईनं?" तात्याबाने विचारलं.

"याच्या. जन्म द्यायला आई नको? बाहेर काढल्याबरोबर मांडीवर घ्यायचं."

शहादेवाची आई वारून जमाना लोटला होता. सगळ्यांनी तात्याबाच्या बायकोकडे, सुभद्राबाईकडे पाहिलं. ती दोन पावलं मागे सरली. "मी न्हाई बाई! आग्नी दिल्याला मानूस मांडीवर घिऊन माज्या कुकवाला काय झालं म्हंजे?" बाकीच्या बायकाही पदर सावरत खांबाआड झाल्या. प्रत्येकीला कुंकू होतं आणि प्रत्येकीला ते हवं होतं.

"लवकर करा," भटजी काकुळतीला आले. "मुहूर्त टळतोय. आई नाही तर जन्म नाही, मला पोथीबाहेर जाता येत नाही."

"लवकर करा," शहादेवही म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

तेवढ्यात बायकांच्या मागून आवाज आला. "मी घेते. मला कुटं कुकू हाय?"

मुक्ताबाई पुढे आली. गावाने सुटकेचा श्वास टाकला. भटजींनी विचार केला, पोथीत विधवा नको असं कुठं आहे? नाही. बाळापेक्षा आई वयाने लहान होती, पण तसंही नको असं पोथीत नव्हतं.

"न्हाई!" शहादेव काहिलीतून ओरडला.

सगळं अंगण चकित झालं. "कावून न्हाई?"

का नाही, ते शहादेवाला चांगलं कळलं होतं. मुक्ताबाई एकदा आई झाली की झाली. आईशी कुणाचा पाट लागत नाही. पोरबंदरचा झोपाळा, बाभळीखाली केलेले बेत, सगळं तुपात गेलं. आणि नाही म्हणावं तर तो मेलेलाच राहणार, मेलेल्याशीही कुणाचा पाट लागत नाही. हे सगळ्या गावासमोर, लंगोटीवर, कुत्र्यांच्या देखत सांगायचं कसं?

"न्हाई म्हंजे... दुसरं कुनी न्हाई का?"

"दुसरं कोन ईल बे?" तात्याबा खेकसला. "ही येती हे नशीब!"

"मग मी मेल्यालाच बरा हाय."

मुक्ताबाईचा चेहरा उतरला. ती काहिलीजवळ आली, वाकली, आणि भिंतीपलीकडून बोलायची तशी हळू बोलली. "येवढी वंगाळ हाय का मी?"

"तसं न्हाई हो," शहादेव म्हणाला. "तसं न्हाई. तुमाला कळंना."

"कळतं मला," ती म्हणाली. "समदं कळतं. पर आयका. तुमी गेल्याची खबर आली तवापासून भितीपल्याड आवाज न्हाई. मी रोज इचारायचे, फाटली का? कुनी बोलंना. मला न्हाई ऱ्हावत तसं. कशी का हुईना, नात्यानं का बिननात्यानं, पर माघारी या."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. शहादेवाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं, आणि तेही भुवयांवर तूप थिजलेलं असताना.

"घ्या मग," तो म्हणाला.

चौघांनी त्याला काहिलीतून उपसला. तो दोनदा हातातून निसटला. "बगा, आसाच निसटला हुता!" म्हाळू ओरडला. मुक्ताबाई पाय पसरून बसली होती, तिच्या मांडीवर शहादेवाचं डोकं तेवढं मावलं. त्रिंबकभट म्हणाले, बाळ रडलं पाहिजे. त्याला सांगावं लागलं नाही.

बारशाला पाळण्याचा प्रश्न आला, तेव्हा तात्याबाने त्या पितळी साखळ्या आणल्या, सुताराने फळी जोडली, आणि शहादेवाच्या ओसरीवर झोपाळा टांगला गेला. बाळाला त्यात निजवायचं तर पाय अंगणात जात होते. म्हणून बसवला. आईने बाळाला धरायचं, म्हणून शेजारी मुक्ताबाईला बसवली. सुभद्राबाईने कानात कुर्र केलं, बायकांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. नाव काय ठेवायचं विचारलं, तर मुक्ताबाई म्हणाली, "शहादेवच. दुसरं मला तोंडात बसायचं न्हाई." झोपाळा हलत होता, दोघं शेजारी शेजारी बसले होते, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. अगदी मनात होतं तसं. विचारायचं मात्र काही उरलं नव्हतं.

आई झाल्यावर मुक्ताबाईला त्या घरात यायला-जायला कुणाची आडकाठी राहिली नाही. ती सकाळी येऊन भाकरी थापायची, कुलपं पुसायची, शहादेवाला रागे भरायची. गावाला त्याचं काही वाटत नसे, आईच ती. संध्याकाळी ती आपल्या घरी निघून जायची, आणि भिंत पुन्हा भिंत व्हायची. शहादेवाच्या घरात आता आवाज होता, पण दिवे लागेपर्यंतच.

काही दिवसांनी त्रिंबकभटांनी पारावर आठवण दिली, की एक संस्कार राहिला आहे. लग्न. "आईचं कर्तव्य आहे ते," ते मुक्ताबाईला म्हणाले. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, "बगते."

आणि ती खरंच बघू लागली. केजकडची एक विधवा पाहिली. ती मुक्ताबाईला फार उंच वाटली. दुसरी फार ठेंगणी. तिसरीचा स्वयंपाक चांगला होता, पण ती हसताना आवाज करायची. चौथी हसतच नव्हती. तात्याबाची मिशी वाढून पुन्हा पीळ देण्याजोगी झाली, तरी सून ठरेना. "लई चिकित्सा करती बया," सुभद्राबाई म्हणायची. "सासू लोकाची जातच अशी."

शेवटी मुक्ताबाईच्या लेकीने घाटनांदूरला एक स्थळ शोधलं. सरस्वतीबाई नाव, शांत, कामसू, वय जुळणारं, अंगाने ना उंच ना ठेंगणी. शहादेवाला बरोबर घेऊन मुक्ताबाई तिला बघून आली. परतताना शहादेव गाडी हाकत होता, ती मागे बसली होती. अर्धी वाट सरली.

"सरस्वतीबाई बरी हाय," मुक्ताबाई एकदाची म्हणाली.

"हाय."

"खोड काडायला जागा न्हाई."

"न्हाई."

गाडी ओढ्यात उतरली, पलीकडे चढली. मुक्ताबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पर तिचं डावं पाऊल जरा मोटं हाय," ती म्हणाली. "तुमी न्हाई बगितलं. मी बगितलं."

शहादेवाने मागे पाहिलं नाही. त्याने नुसता कासरा सैल सोडला आणि बैल आपल्या चालीने चालू लागले.

"मग नगंच ती," तो म्हणाला. "दुसरी बगा. सावकास बगा, आई. मला कशाची घाई हाय? मी आत्ताच तर जल्मलोय."